हरिपूरची वाट आणि मगरीचा हंगाम : सांगलीतल्या एका रविवारच्या फेरीचं प्रकरण

सांगलीला टेकडी नाही. पुणेकर सकाळी उठून वेताळ टेकडीवर जातो, सातारकराच्या तर दारातच अजिंक्यतारा उभा असतो. सांगलीकराला चढ चढायचा म्हटला की मिरज तालुक्यातला दंडोबा गाठावा लागतो, नाहीतर सागरेश्वरचं अभयारण्य, आणि दोन्हीकडे गाडी काढल्याशिवाय जाणं होत नाही. शहरातल्या शहरात झाडापाखरांत तास-दोन तास काढायचे तर नावं दोनच निघतात, आमराई आणि कृष्णाकाठ. आमराई ही बाग आहे. सकाळी लवकर गेलं की ओळखीची तोंडं भेटतात, दोन फेऱ्या होतात, चहाला घरी परत. कृष्णाकाठाचं तसं नाही. तिथे वाट कुठे सुरू होते, कुठे संपते आणि ती नक्की कोणाची, हे विचारायला गेलं की दर माणूस वेगळं सांगतो. हे प्रकरण त्या काठाचं.

मागणी

विश्रामबाग भागातल्या काही पालकांना मुलांसाठी रविवारची निसर्गफेरी सुरू करायची होती. मुलं आठ ते चौदा वयाची. पुढाकार घेतला तो मुंबईत बँकेत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना दादा म्हणतात, इथेही तेच ठेवू. दादा बोरिवलीला राहायचे. त्यांच्या मुलांचे कितीतरी रविवार संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात गेलेले. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि ठाणे, आणि मधे शंभर चौरस किलोमीटरहून मोठं जंगल, तेही बिबटे असलेलं. तिथल्या शिलोंढ्याच्या वाटेवर परवानगी काढून, वाटाड्या बरोबर घेऊन जावं लागतं. माहीमचं निसर्ग उद्यान तर जुन्या कचरा डेपोवर उभं राहिलेलं. "कचऱ्यावर झाडं उभी राहिली तिथे. आपल्याला तर नदी आयती मिळालीय," हा दादांचा मुद्दा, आणि तो खोडून काढण्यासारखा नव्हता.

त्यांनी आराखडाही काढला होता. गावभागातल्या घाटापासून हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमापर्यंत, नदीच्या काठाकाठाने, तीन-चार किलोमीटरची पायवाट. पेव्हर ब्लॉक, काठाला लोखंडी कठडा, बसायला बाक, झाडांच्या नावांच्या पाट्या. मोठ्या शहरांत अशा वाटा होतात, लोक त्यांच्यावर प्रेमही करतात. सांगलीत का होऊ नये?

बैठकीला भूगोलाच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. गावभागात राहतात, घरात 2005 ला पाणी शिरलं आणि 2019 ला पुन्हा. बाईंनी आराखडा शांतपणे पाहिला आणि विचारलं, "हे कुठल्या महिन्यासाठी काढलंय?"

दादांना प्रश्न कळला नाही. वर्षभरासाठीच की. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा त्या एका प्रश्नात होता. पण त्या दिवशी तो तसाच विरून गेला आणि चर्चा पेव्हर ब्लॉकच्या रंगावर गेली.

काठ कोणाचा

बोरिवलीच्या जंगलाला फाटक आहे, तिकीट आहे, आणि विचारायला एक खातं आहे. हरिपूरच्या वाटेवर तसं एकच दार ठोठावून चालत नाही. घाट आणि शहरातला रस्ता पालिकेच्या अखत्यारीत, नदी आणि पूररेषा जलसंपदाच्या, मगरी वनखात्याच्या, पुढे हरिपूरची ग्रामपंचायत, संगमावर देवस्थान. आणि या सगळ्यांच्या मधे, पाण्याला लागून, लोकांच्या मळ्या. नदीच्या गाळाने भरलेल्या काठच्या जमिनीला इकडे मळी म्हणतात. कृष्णाकाठची वांगी खाणाऱ्याला तिची किंमत सांगावी लागत नाही. मळीतून जाणारी पायवाट असते, पण ती शेतकऱ्याची, बैलाची आणि पाणी बघायला येणाऱ्याची. तिच्यावरून रविवारी वीस पोरं जाणार असतील तर मालकाला आधी विचारायला हवं, हे शहरातल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. काठ दिसला की तो सार्वजनिकच असणार, असं आपण धरून चालतो.

त्यात पूररेषा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. दादांची वाट जवळजवळ सगळी निळ्या रेषेच्या आत होती. तिथे पक्कं काही बांधायला परवानगी मिळणं अवघड, आणि अवघड असावं हेच बरं. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. तिथे 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. काठावरच्या कठड्यावरून त्या वर्षी किती पाणी गेलं असतं, हा हिशेब बाईंनी मुलांकडून करून घेतला. कठडा वाचला असता तरी त्यात अडकलेला पालापाचोळा, प्लॅस्टिक आणि ओंडके काढायला कोण आलं असतं, हा प्रश्न एका आईने विचारला. त्याला उत्तर नव्हतं. पेव्हर ब्लॉक तिथेच मागे पडले.

तरी काठाकाठाने चालत जायची कल्पना कोणाच्या मनातून गेली नव्हती. बांधायचं काही नाही, नुसतं चालायचं. त्याला कोण नको म्हणेल?

एप्रिलमधला रविवार

उन्हाळ्यात वाट चांगली असते. नदी खाली जाते, काळी माती सुकून टणक होते, चिखल नाही, डास कमी. शाळेच्या परीक्षा उरकत आलेल्या. म्हणून पहिली मोठी फेरी एप्रिलात ठरली. सकाळी सहाला निघायचं, ऊन चढायच्या आत संगमावर पोचायचं, तिथे नाश्ता, परत रिक्षाने.

हरिपूरच्या अलीकडे रस्ता सोडून सगळे मळीच्या वाटेला उतरले. पुढे दादा, मधे मुलं, मागे पालक. वांग्याच्या वाफ्यांमधून एक वयस्कर शेतकरी खुरपं हातात घेऊन समोर आले. पुढे त्यांची चांगली ओळख झाली, आप्पा म्हणतात त्यांना.

"कुठं चाललाय एवढी पोरं घिऊन?"

"संगमावर. काठाकाठानं जातोय," दादा म्हणाले.

"काठानं नका जाऊ. त्या बाभळीपाशी मादी बसतीया. महिना झाला, हलंना तिथनं." आणि जरा थांबून, मागच्या एका मुलाकडे बोट करून, "आन् त्या पोराला वाफ्यातनं पाय काढ म्हणावं."

मगर कोणाला दिसली नाही. दिसली ती समोरच्या ओल्या काठावरची घसरण. पोटाने गुळगुळीत झालेला एक पट्टा पाण्यापर्यंत गेलेला, दोन्ही अंगांना पंजांच्या खुणा. मुलं एकदम गप्प झाली आणि मग एकदम बोलायला लागली. पालक मात्र गप्पच राहिले. सगळे मागे फिरले, रस्त्याला लागले, आणि रस्त्याने संगमावर गेले. मगर बघायला मिळाली नाही म्हणून एक मुलगी वाटभर रडत होती, हे नोंदवून ठेवायला हवं, कारण नंतरच्या वादात मुलांना काय हवं होतं ते कोणी विचारलं नाही.

तीन मतं

त्या संध्याकाळी वाद झाला. बऱ्याच पालकांचं म्हणणं सरळ होतं, काठ बंद, फेरी आमराईतच करा. या भागात कृष्णेत मगरींनी माणसांवर हल्ले केलेत, भिलवडी-दिग्रजकडच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या. भीती खोटी नव्हती.

दादा म्हणाले, वनखात्याला अर्ज देऊ, ती मादी उचलून दुसरीकडे सोडतील. मग काठ मोकळा.

हे मत ऐकायला सोयीचं वाटतं, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. कृष्णेतली मगर ही गोड्या पाण्यातली मगर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतली. तिला हलवणं हा खात्याच्या अधिकारातला निर्णय आहे, पण तो वस्तीत शिरलेल्या किंवा माणसाच्या जिवावर उठलेल्या जनावरासाठी. स्वतःच्या नदीत, स्वतःच्या काठावर, अंड्यांपाशी बसलेल्या मादीसाठी नव्हे. शिवाय मगरीच्या कुळातले प्राणी लांब नेऊन सोडले तरी जुन्या जागी परत येतात, असं इतर देशांतही दिसून आलंय. आणि आली नाही असं धरलं, तरी चांगली जागा रिकामी राहत नाही. उन्हाला तोंड करून असलेला, भुसभुशीत मातीचा उतरता काठ सापडला की दुसरी मादी तिथे येणारच. दादांच्या आराखड्यात एक मगर हलवायची होती, खरं पाहता काठ हलवावा लागला असता.

तिसरं मत बाईंचं. त्यांनी जानेवारीतल्या बैठकीतला आपला प्रश्न पुन्हा काढला. कुठल्या महिन्यासाठी?

वाट चांगली तेव्हा काठ वाईट

मगरीचं वर्ष समजून घेतलं की हा प्रश्न किती नेमका होता ते कळतं. थंडीत मगर अंग शेकायला बाहेर येते. डिसेंबर-जानेवारीत ऊन वर आलं की पुळणीवर, खडकावर, समोरच्या काठावर ती तासन् तास पडून असते, तोंड उघडं ठेवून. तेव्हा ती दिसते. रस्त्यावरून, घाटावरून, पुलावरून, दुर्बिणीने तर छानच दिसते. हिवाळा संपत आला की मादी काठाच्या उतारावर, पाण्यापासून जरा वर, खड्डा करून अंडी घालते. फेब्रुवारी ते एप्रिल हा साधारण त्याचा काळ. दोन-अडीच महिन्यांनी पिल्लं निघतात, म्हणजे मे-जूनपर्यंत मामला चालतो. अंड्यांच्या भोवतीच्या मातीची ऊब किती, त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, ही गोष्ट मुलांनी ऐकली तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. या सगळ्या काळात मादी जवळपास असते आणि चिडकी असते. दिसत मात्र कमी.

आता माणसाची सोय बघा. पावसाळ्यात काठ पाण्याखाली. पाणी ओसरल्यावर नोव्हेंबरपर्यंत गाळ, पाय घोट्यापर्यंत रुततो. डिसेंबरपासून वाट सुकते आणि मार्च ते मे ती सगळ्यात चांगली असते. नेमकी तेव्हाच मादी अंड्यांवर. म्हणजे पायाला जो हंगाम चांगला, तोच काठावर जायला सगळ्यात वाईट. हा योगायोग नाही. सुकलेला, उघडा, पाण्याच्या वर आलेला काठ आपल्याला जसा हवा असतो, तसाच तो तिलाही हवा असतो. वेडे राघू आणि कवडे खंडेही त्याच काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतात, तेही उन्हाळ्याच्या आसपास. एप्रिलमध्ये काठाच्या कडेवरून चालणं म्हणजे यांच्या छपरावरून चालणं.

बाईंनी मग एक वर्षाचा कागद आखला. बारा रकाने, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि प्रत्येक रकान्यात फक्त एवढंच लिहिलं की त्या महिन्यात पायांनी कुठे जायचं आणि डोळ्यांनी कुठे. दोन्ही एक असायला पाहिजेत असं नाही, ही त्यांची सूचना सगळ्यांना पटायला वेळ लागला.

वर्षभरात काय झालं

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारनंतर जूनपर्यंत काठावर उतरायचं नाही, हरिपूर रस्त्याने जायचं. आधी मुलांना हे शिक्षा वाटलं. पण हा रस्ता म्हणजे चालण्याची जुनी परंपरा आहे. श्रावणातल्या सोमवारी सांगलीचे लोक संगमेश्वराला चालत जातात ते इथूनच. वाटेत बागेतला गणपती लागतो, रस्त्याच्या कडेला जुनी मोठी झाडं, वड-चिंचेसारखी. मुलांना दोरी दिली आणि छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, खोडांचे घेर मोजायला लावले. 2021 मध्ये राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात बदल होऊन पन्नास वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं स्थान मिळालं. मूळ कायदा 1975 चा, शहरांसाठीचा. मुलांची वही पुढे रस्तारुंदीच्या एखाद्या चर्चेत उपयोगी पडेल की नाही सांगता येत नाही, पण कोणत्या वळणावर कोणतं झाड आहे हे आता वीसेक घरांत माहीत आहे. आधी एकाही घरात नव्हतं. वडाच्या फळांवर राखी धनेश आला तो याच रस्त्यावर, डोक्यावर, गाड्यांच्या हॉर्नमध्ये. काठावर त्याला कोणी शोधलंही नसतं.

हरिपुरात पोचल्यावर पेवं. हळद साठवायची जमिनीखालची कोठारं, वीस-पंचवीस फूट खोल. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. पण ही हळद वर्षानुवर्षं टिकायची ती हरिपूरच्या मातीमुळे. त्या थरातून पाणी झिरपत नाही, आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही. हवा नसल्यामुळेच बंद पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही. आधी कंदील सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. 2005 आणि 2019 च्या पुरांनी पेवांची वाताहत केली, आता गोदामं आणि शीतगृहं आहेत. निसर्गफेरीत हळदीची पेवं कशाला, असं एका पालकाने विचारलं. बाईंनी त्यांना सांगितलं की मगर काठात बीळ करते आणि माणसाने त्याच काठावर पेव खणलं, दोघांना माती कळत होती म्हणून. मला हे उत्तर जरा गोड वाटलं. पण मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.

पावसाळा हा सगळ्यात मोठा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर सगळ्यात चांगलं निघालं. जुलै-ऑगस्टमध्ये पाय आमराईत आणि डोळे आयर्विन पुलावर. सांगली शहरात वर्षाकाठी पाऊस पडतो सहाशे मिलिमीटरच्या आसपास, महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. त्यामुळे सांगलीत कोरडं ऊन असताना कृष्णा चढत असते, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे, पण मुलांनी ते मोजलं नव्हतं. रोजच्या पेपरात कोयना, महाबळेश्वर, वारणा खोरं इथला पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी आणि आयर्विनची पातळी छापून येते. मुलांनी ते तक्त्यात भरायला घेतलं. पाऊस तिकडे पडल्यापासून पाणी इकडे चढेपर्यंत किती तास जातात, कोयनेचे दरवाजे उघडल्यावर किती, याचे अंदाज बांधायचे आणि पुलावर जाऊन, अर्थात मोठ्यांबरोबर, ताडून बघायचे. ही फेरी कोणाला सांगून करवून घ्यावी लागली नाही. घरातल्या आज्या त्यात सामील झाल्या. 2005 चं पाणी कुठपर्यंत आलं होतं, 2019 चं कुठपर्यंत, कोणाच्या कितव्या पायरीला, हे सांगणारी माणसं गावभागात घराघरांत बसलेली आहेत. काही भिंतींवर पाण्याच्या रेषा रंगाने ओढून ठेवल्यात, त्या मुलांनी हाताने मोजल्या.

ऑक्टोबर-नोव्हेंबर गाळाचे. इथे फार काही झालं नाही. गाजर गवत, बेशरमीची झुडपं, ओल्या मातीचा वास, डास. दोन फेऱ्या रद्द कराव्या लागल्या आणि कोणाला वाईटही वाटलं नाही.

डिसेंबर-जानेवारी मात्र सोन्याचे. पाणी निवळतं, पुळणी वर येतात, चक्रवाकाची एखादी जोडी दिसते, धोबी पक्षी शेपटी हलवत पाण्याच्या कडेने पळत असतात, टिटवी उगाच ओरडत असते. संगमेश्वराच्या बाजूने उंचावरून बघितलं की कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळताना पाण्याचा रंग कधी कधी वेगळा ओळखू येतो, पलीकडचा काठ कोल्हापूर जिल्ह्याचा. याच दिवसांत मुलांनी मगर पाहिली. लांबून, दुर्बिणीतून, समोरच्या पुळणीवर, तोंड उघडून पडलेली. एप्रिलमध्ये रडलेल्या मुलीने दुर्बीण बराच वेळ कोणाला दिली नाही. ज्या कृष्णेत मगर आहे म्हणून फेरी बंद होणार होती, तिथे मगर बघायलाच सगळ्यात जास्त मुलं आली.

मुंबईचं काय उपयोगी पडलं

दादांचा आराखडा बारगळला तरी दादांचा अनुभव वाया गेला नाही. राष्ट्रीय उद्यानातल्या वाटांवर ज्या शिस्ती असतात त्यांतल्या तीन इथे जशाच्या तशा आणल्या गेल्या. गट लहान ठेवायचा. वाट माहीत असलेला स्थानिक माणूस बरोबर असल्याशिवाय निघायचं नाही. आणि निघताना व परतल्यावर डोकी मोजायची. त्याला दादांनी काठासाठी खास जोड दिली. हिवाळ्यात घाटावर गेलं तरी पाण्याच्या कडेला वाकायचं नाही, हात धुवायला बाटलीतलं पाणी वापरायचं, कुत्रं बरोबर आणायचं नाही, आणि सकाळी फार लवकर किंवा दिवेलागणीला पाण्याजवळ जायचं नाही. मगर दबा धरून शिकार करते, धावून नव्हे. पाण्यापासून अंतर ठेवणं हाच तिच्यापासूनचा बचाव. वनखात्याचा 1926 हा मदत क्रमांक प्रत्येक पालकाच्या फोनमध्ये टाकला गेला, आजवर लावायची वेळ आली नाही.

नावांच्या पाट्यांचा हट्ट दादांनी पूर्ण सोडला नाही. मग तडजोड अशी झाली की पाट्या झाडावर नाहीत, मुलांच्या गळ्यात. प्रत्येक मुलाला एक झाड किंवा एक पक्षी वाटून दिला, त्याच्याविषयी विचारलं की त्यानेच सांगायचं. खिळे वाचले. करंजाच्या मुलाने करंजाच्या शेंगा, तेल, दिवा, सगळं इतकं सांगितलं की त्याला थांबवावं लागलं.

जे जमलं नाही

शहराचं सांडपाणी. शेरी नाला कृष्णेला मिळतो, हा विषय सांगलीत इतका जुना आहे की लहान मुलांनाही नाव माहीत. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की वास येतो आणि जलपर्णी पसरते. फेरीतल्या मुलांनी पाण्याच्या रंगाच्या नोंदी ठेवल्या, एका कार्यालयात नेऊन दिल्या, पोचपावती मिळाली. पुढे काही नाही. रविवारच्या फेरीतून नदी स्वच्छ होत नाही, आणि तसा आव आणणाऱ्या मोहिमांचा मला कंटाळा आहे. पण आपण ज्या पाण्यात पाय घालायचं टाळतो ते मगरीमुळे की नाल्यामुळे, हे मुलांना वेगवेगळं ओळखता येऊ लागलं.

आमराईतली फेरी पावसाळ्याच्या शेवटी रोडावली. तिथे आधीच चालणाऱ्यांची गर्दी, मुलांनी थांबून मुंग्यांची रांग बघायला घेतली की मागून "बाळा, बाजूला हो" ऐकू येतं. आमराईतल्या सकाळच्या मंडळींशी बोलून वेळ वेगळी ठरवता आली असती. ते राहून गेलं.

काही पालक काठाची भीती गेली नाही म्हणून बाहेर पडले. त्यांना चूक म्हणता येणार नाही. वर्षभर नीट वागूनही काही होणार नाही अशी खात्री देणारा माणूस नदीकाठी खोटं बोलतो.

आणि एक पेच मळीचा. आप्पांनी हिवाळ्यात आपल्या बांधावरून जायला परवानगी दिली, बदल्यात काही मागितलं नाही, फक्त वाफ्यात पाय नको. दुसऱ्या एका शेतकऱ्याने आधी हो म्हटलं, मग मुलांनी शेताच्या कडेला खाऊचे कागद टाकले म्हणून नाही म्हटलं. त्यांच्या बांधाशिवाय ती वाट तुटते. कागद मुलांनी नाही, मोठ्यांपैकी कोणीतरी टाकले होते असा मुलांचा दावा आहे.

आजची स्थिती

फेरी चालू आहे. कागदावरचे बारा रकाने बाईंनी दुसऱ्या वर्षासाठी थोडे बदलले. फेब्रुवारीचा पहिला रविवार आता काठावरचा नाही, जानेवारीच्या शेवटालाच काठ सोडायचा, कारण मादी कधी बसायला लागते ते आप्पांना आपल्या आधी कळतं आणि त्यांचं म्हणणं यंदा थंडी लवकर गेली असं आहे.

आप्पांनी यंदा मळीत वांगी लावली नाहीत, ऊस लावलाय. ऊस उभा राहिला की बांधावरून नदी दिसणार नाही, बाभूळ दिसणार नाही, आणि उसाच्या आत काय आहे हेही दिसणार नाही. त्या बांधावरून मुलं न्यायची की नाही, हे ठरवायची बैठक तुळशीच्या लग्नानंतर आहे. दादांनी तिच्यासाठी पलीकडच्या सांगलीवाडीच्या बाजूचा नकाशा काढून आणतो म्हणून सांगितलंय, आणि बाईंनी त्यांना महिने लिहून आणायला सांगितलंय.